खुनानंतरचे पाच भाग



या व्यासपीठावरून आजवर इतिहासावर, अर्थकारणावर, संतवाङ्मयावर व्याख्यानं झाली. तिथंच उभं राहून खुनाच्या गोष्टींवर बोलायचं, हे काहींना खटकेल. खुनाची गोष्ट म्हणजे गाडीत वाचायची आणि स्टेशन आलं की मिटायची, असा आपला समज आहे. पण माणसाच्या मनाबद्दल मला जे काही कळलं, त्यातलं बरंचसं मी याच गोष्टींतून शिकलो. म्हणून संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा दुसरा विषय माझ्या मनातच आला नाही.

सुरुवात एका साध्या हिशेबानं करू. दस्तयेवस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ 1866 साली ‘रशियन मेसेंजर’ या मासिकातून क्रमशः छापून आली. कादंबरीचे भाग सहा, वर एक उपसंहार. पीटर्सबर्गमधला रास्कोल्निकोव हा शिक्षण अर्धवट सुटलेला विद्यार्थी, वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्या एका म्हातारीला कुऱ्हाडीनं मारतो. हा खून केव्हा होतो? पहिल्याच भागाच्या अखेरीस! खुनी कोण, ते आपल्याला ठाऊक. हत्यार ठाऊक. त्याच्या खोलीपासून म्हातारीच्या घरापर्यंत पावलं 730, तीही लेखकानं मोजून दिलेली. मग पुढचे पाच भाग हा लेखक सांगतो तरी काय?

आपल्याकडच्या रहस्यकथेची रीत वेगळी होती. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारनं आणि काळापहाडनं मराठी घराघरांत वाचनाची गोडी लावली. ते ऋण मोठं आहे आणि ते मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. त्या गोष्टींत शेवटी बुरखा फाटतो, गुन्हेगार सापडतो आणि आपण निर्धास्त झोपतो. पण बुरखा फाटेपर्यंत त्याच्या आतला माणूस झोपत होता का? घरी आई आली तर तिच्याशी काय बोलत होता? ताटावर बसला तर घास उतरत होता का? हे विचारायला तिथं उसंत नसते. दस्तयेवस्की मात्र एवढंच विचारतो, पाच भाग विचारत राहतो.

आणि या पाच भागांत जे घडतं, ते मी असं सांगेन: एका माणसाला बोलायला कुणी उरत नाही. मानसशास्त्रीय गुन्हेकथेचा गाभा मला इथं सापडतो. खून, पोलीस, फाशी हे सगळं नंतर.

हा नुसता माझा तर्क आहे असं समजू नका. 1865 च्या सप्टेंबरात दस्तयेवस्की जर्मनीत वीसबाडेनला होता. जुगारात हरलेला, हॉटेलचं बिल थकलेलं. तिथून त्यानं ‘रशियन मेसेंजर’चे संपादक काटकोवना पत्र लिहिलं आणि कादंबरीची कल्पना सांगून तीनशे रूबल आगाऊ मागितले. आपण माणसांपासून तुटलो आहोत, ही भावना गुन्हा होताक्षणी खुन्याला घेरते आणि तीच त्याला छळते, असं त्या पत्रात आहे. त्यानंतरची हकिकत मला आणखी बोलकी वाटते. कादंबरीचा पहिला खर्डा प्रथमपुरुषी होता, खुन्यानं स्वतः दिलेला कबुलीजबाब. बरंच लिहून झालं होतं. नोव्हेंबरात दस्तयेवस्कीनं ते सगळं जाळलं आणि नव्यानं, तृतीयपुरुषी लिहायला घेतलं. का बरं जाळलं असेल? मला वाटतं, कबुलीजबाब लिहिणारा माणूस कुणाशी तरी बोलतच असतो. समोर वाचक असतो, निदान कोरा कागद तरी असतो. रास्कोल्निकोवला तेवढाही दिलासा ठेवायचा नव्हता.

आता जवळ जाऊन पाहू.

खून झाला, दागिने आणि पैशाची थैली हाती लागली. पैशासाठी खून केला म्हणावं, तर या माणसानं थैली उघडायला हवी. तो ती उघडत नाही. एका पडक्या आवारात मोठ्या दगडाखाली सगळा ऐवज पुरतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. पुढं खटल्यात थैलीतली रक्कम मोजली जाते: 317 रूबल आणि 60 कोपेक. न्यायाधीशांना नवल वाटतं ते याचं, की खुन्याला हा आकडाच माहीत नाही. ज्याच्यासाठी दोन जीव घेतले, ते किती होतं हे त्यानं पाहिलंच नाही!

दुसरा प्रसंग नेवा नदीच्या पुलावरचा. तापानं भरकटलेला रास्कोल्निकोव रस्त्याच्या मधून चालतोय, गाडीवान त्याला चाबूक मारतो. शेजारून जाणारी एक व्यापाऱ्याची बायको त्याला भिकारी समजते आणि ख्रिस्ताच्या नावानं वीस कोपेकचं नाणं त्याच्या हातात ठेवते. त्याच्यासारख्या उपाशी माणसाला दोन दिवसांची भाकर. तो थोडा वेळ नाणं मुठीत धरून उभा राहतो आणि मग ते नदीत भिरकावतो. त्याला वाटतं, आपण स्वतःला सगळ्यांपासून कातरीनं कापून वेगळं केलं. कुणी पकडलेलं नाही, कुणाचा संशय नाही, पण परक्या बाईनं दिलेली भीक घ्यायचाही हक्क आपल्याला उरला नाही, असं त्याचं त्यालाच वाटतं. श्रोतेहो, अपराधीपणा म्हणजे कायद्याची भीती असं मानणाऱ्यानं हा पूल एकदा ओलांडून पाहावा.

तिसरा प्रसंग घरातला, म्हणून जास्त लागतो. आई आणि बहीण गावाहून आलेल्या. तो आईला सहज म्हणून जातो, बोलू की सावकाश, आता वेळच वेळ आहे. आणि म्हणता म्हणता त्याला कळतं, हे खोटं आहे. आता आईशी मनातलं कधीच बोलता येणार नाही, कुणाशीच येणार नाही. तो त्या जाणिवेनं इतका हादरतो, की कुणाकडेही न पाहता उठून खोलीबाहेर जायला निघतो.

इथून मी आजच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे झपाटलेपण. गुपित दडवायचं तर माणसानं त्यापासून लांब राहायला हवं की नाही? शहाणपण तेच सांगतं. मग हे खुनी पुन्हा पुन्हा तिकडेच का ओढले जातात? रास्कोल्निकोव म्हाताऱ्या सावकारणीच्या रिकाम्या घरी परत जातो. कामगार भिंतींना नवा कागद लावतायत. तो दारावरची घंटा ओढतो, तिचा तो पत्र्यासारखा आवाज ऐकतो, पुन्हा ओढतो, तिसऱ्यांदा ओढतो. खून झाला तेव्हा आतून ऐकलेली ती घंटा. रक्त कुठं गेलं, असं कामगारांना विचारतो. त्याच संध्याकाळी, त्याच्या थोडं आधी, पोलीस कचेरीतल्या झमेतोवला खानावळीत गाठून त्यानं तोंडावर विचारलेलं असतं, की म्हातारीला मीच मारलं असलं तर? ‘खाई त्याला खवखवे’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते खवखवणं वाचकाला स्वतःच्या घशात जाणवावं, असं लिहिणारे फार थोडे.

एडगर ॲलन पो त्या थोड्यांत पहिला. ‘द टेल-टेल हार्ट’ ही त्याची कथा 1843 ची, अवघी चार-पाच पानांची. एक माणूस एका म्हाताऱ्याला मारतो, कारण काय, तर त्याचा एक डोळा गिधाडासारखा आहे. प्रेत तोडून फरशीच्या फळ्यांखाली पुरतो. शेजाऱ्यानं किंकाळी ऐकली म्हणून तीन पोलीस येतात. त्यांना तो घर दाखवतो, खुर्च्या देतो आणि स्वतःची खुर्ची नेमकी त्या फळ्यांवर मांडतो! पोलिसांना काही कळलेलं नाही. ते निवांत गप्पा मारतायत. याला मात्र खालून हृदयाचे ठोके ऐकू येतात, वाढत जातात, आणि शेवटी तोच ओरडतो, की उचला त्या फळ्या. मला विचाराल, तर कथा त्या खुर्चीत आहे. ठोके नंतर आले. गुपितावर खुर्ची टाकून बसायची लहर त्याला आधीच आली होती. लपवणाऱ्याला लपवल्याची ऐट असते आणि ती ऐट पाहायला कुणीतरी हवं असतं. ज्याला पाहू द्यायचं नाही, त्यालाच जवळ बसवून घ्यायचं, हा या झपाटलेपणातला मोठा पेच आहे.

यावर कुणी म्हणेल, माणूस एकटा म्हणून हे हाल. गुपितात कुणी वाटेकरी असता, तर ओझं हलकं झालं असतं. झालं असतं का? दस्तयेवस्कीच्या कादंबरीनंतर वर्षभरात, 1867 साली, पॅरिसमध्ये एमिल झोलाची ‘तेरेझ राकँ’ आली. मला ही कादंबरी फार मोलाची वाटते, आणि आपल्याकडे तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

तेरेझ आणि तिचा प्रियकर लोराँ हे दोघं मिळून तेरेझच्या नवऱ्याला, कामीयला, सेन नदीत बुडवतात. बुडताना कामीय लोराँच्या मानेला चावतो. संशय कुणालाच येत नाही. बराच काळ थांबून दोघं लग्न करतात. पण पहिल्या रात्रीपासून मानेवरचा तो व्रण मध्ये येतो. बिछान्यात दोघांच्या मध्ये बुडालेला माणूस झोपलेला असतो. लोराँला चित्रकलेचा नाद. तो म्हातारा काढायला जातो, लहान मुलगी काढायला जातो. प्रत्येक चेहऱ्यात कामीय उतरतो. ज्या दोघांना गुपित ठाऊक आहे, त्या दोघांनाच एकमेकांचं तोंड पाहवत नाही.

आणि घरात तिसरं माणूस आहे: कामीयची आई. पक्षाघातानं खुर्चीला खिळलेली, वाचा गेलेली, कान मात्र शाबूत. दोघांच्या भांडणात तिला सत्य कळतं. दर गुरुवारी या घरी डॉमिनोचा डाव रंगतो, आणि नेहमीच्या पाहुण्यांत एक निवृत्त पोलीस अधिकारीही असतो. एका गुरुवारी म्हातारी सगळं बळ एकवटून बोट हलवते आणि टेबलावरच्या मेणकापडावर अक्षरं काढू लागते: तेरेझ आणि लोराँ यांनी... इथंच हात लुळा पडतो. पाहुणे काय करतात? ते उरलेलं वाक्य आपल्या मनानं पुरं करतात, की सून आणि जावयासारखा हा मुलगा आपली किती छान काळजी घेतात, असं तिला सांगायचं आहे! आणि डाव पुढं सुरू होतो. पोलीस समोर, साक्षीदार समोर, साक्ष अर्धी लिहिलेली, आणि तरी कुणाला काही कळत नाही, कारण ते कळून घ्यायची कुणाची तयारीच नाही.

झोलानं पुढच्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीला प्रस्तावना जोडली. तीत त्याचं म्हणणं असं, की या दोघांच्या ज्या अवस्थेला पश्चात्ताप म्हणावं लागतं, तो खरं तर शरीराचा बिघाड आहे, मज्जातंतूंचं बंड आहे. मला हे पटत नाही. झोलाची कादंबरीच त्याची प्रस्तावना पटू देत नाही. शरीराचा बिघाड असता, तर त्या म्हातारीच्या नजरेला दोघं इतके का भ्याले असते?

तेव्हा गुपित कोण ऐकतं, हा प्रश्न आला. माझ्या आजच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

रास्कोल्निकोवला ऐकणारी मिळते, ती सोन्या. घर चालवण्यासाठी शरीर विकावं लागलेली मुलगी. तो तिला सरळ सांगू शकत नाही, ओळख म्हणतो. ती ओळखते. आणि तिचा पहिला उद्गार त्याच्यासाठी निघतो: तुझ्याइतकं दुःखी आज जगात कुणी नाही. ती त्याला जवळ घेते आणि मग चौकात जाऊन सगळ्यांसमोर कबूल हो, म्हणून सांगते. पुढं तो खरंच चौकात गुडघे टेकून जमिनीचं चुंबन घेतो, तेव्हा लोक हसतात, दारू प्यायलाय म्हणतात. सोन्या लांबून पाहत असते. गर्दीत एक माणूस असतं, ज्याला खरं ठाऊक असतं. त्या एकामुळं तो पोलीस कचेरीचा जिना चढू शकतो.

आता हायस्मिथकडे या. पॅट्रिशिया हायस्मिथ ही टेक्सासमध्ये जन्मलेली अमेरिकन लेखिका. ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ ही तिची पहिली कादंबरी, 1950 ची. आगगाडीत भेटलेला ब्रूनो गायला सुचवतो, तुझ्या बायकोला मी मारतो, माझ्या बापाला तू मार. दोघांनाही हेतू नाही, म्हणून कुणीच सापडणार नाही. हिचकॉकच्या 1951 च्या चित्रपटात गाय खून करत नाही. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. कादंबरीत मात्र गाय खून करतो, आणि मग पोखरत जातो. शेवटी त्याला राहवत नाही. ज्या माणसावर आपल्या बायकोचा जीव होता, त्या ओवेनला शोधून काढून तो सगळं सांगतो. त्याला वाटतं, या माणसाला राग येईल, हा शिव्या देईल, मारेल. ओवेनला काहीच वाटत नाही. मेलेल्या बाईचं त्याला सोयरसुतक नाही. आपण यात गुंतणार नाही ना, एवढंच त्याला बघायचं. तिकडे फोन उचलून ठेवलेला असतो, पलीकडून गुप्तहेर ऐकत असतो, पण ते नंतर कळतं. त्याआधी, त्या हॉटेलच्या खोलीत, गायला खरी शिक्षा मिळून गेलेली असते. कबुली द्यायची आणि समोरच्यानं खांदे उडवायचे, याहून भयंकर काय असेल?

असेल. त्याहून भयंकर एक ऐकणं आपल्या मराठी रंगभूमीनं दाखवलं आहे. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 साली रंगमंचावर आलं. ते गुन्हेनाट्य नाही, त्यातली बेणारेबाई गुन्हेगार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण नाटकाचा घाट पाहा. नाटकमंडळींनी वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला, खोटा आरोप भ्रूणहत्येचा, आणि खेळता खेळता एका बाईचं खाजगी दुःख साक्षीपुराव्यासारखं वर काढलं जातं. सुखात्मे, काशीकर, पोंक्षे, सगळ्यांना गुपित हवं आहे आणि कुणालाच ती बाई नको आहे. सोन्या ऐकते तेव्हा माणूस माणसांत परत येतो. हे लोक ऐकतात तेव्हा जिवंत बाई माणसांतून उठवली जाते. ऐकणं ही दर वेळी दया असतेच असं नाही, हे मी या नाटकातून शिकलो.

इतका वेळ आपण पोखरल्या जाणाऱ्या माणसांबद्दल बोललो. पण ज्याला काहीच पोखरत नाही, तो? हायस्मिथनंच 1955 साली टॉम रिप्ली उभा केला. इटलीत, सान रेमोच्या समुद्रात, तो आपल्या श्रीमंत मित्राला वल्ह्यानं मारतो आणि त्याचे कपडे, अंगठ्या, सही, सगळं आयुष्यच अंगावर चढवतो. तो सापडत नाही. 1991 पर्यंत त्याच्यावर पाच कादंबऱ्या झाल्या, पाचांतही नाही. फ्रेंच दिग्दर्शक रने क्लेमाँनं 1960 साली यावर चित्रपट केला, तेव्हा शेवटी प्रेत वर येतं आणि रिप्ली सापडणार असं दाखवलं. लेखिकेला तो शेवट रुचला नव्हता, आणि तिचं बरोबरच होतं. कारण रिप्ली वाचताना खुनी अस्वस्थ नसतो, आपण असतो. दाराची घंटा वाजली की आपल्याला वाटतं, आता हा सापडेल, आणि सापडू नये असंही वाटतं! ते वाटणं लक्षात आलं की अंगावर काटा येतो. त्याचं गुपित ऐकणारे जगात एकटे आपणच, आणि आपण ते राखतो. त्यानं न वाहिलेलं ओझं लेखिका आपल्या डोक्यावर देते.

हे मी कौतुकानं सांगतो आहे, पण माझी एक तक्रार आहे आणि ती मांडल्याशिवाय मला बसता येणार नाही.

रास्कोल्निकोवनं दोन खून केले. दुसरा कुणाचा? चटकन नाव आठवत नाही. सावकारणीची बहीण लिझावेता. अवचित घरी आली म्हणून मेली. कुऱ्हाड उगारली तेव्हा तिनं रिकामा डावा हात थोडासा पुढं केला, तोंडापर्यंतही नेला नाही. आयुष्यभर मार खाल्लेल्या बाईला स्वतःला वाचवायचंही सुचलं नाही. पुढं मोलकरीण नस्तास्या रास्कोल्निकोवला सांगते, अरे, ती इथं यायची, तुझा सदरा तिनंच दुरुस्त करून दिला होता. तो भिंतीकडे तोंड फिरवतो आणि कागदावरच्या फुलाच्या पाकळ्या मोजू लागतो. पुढं एकदा त्याला स्वतःलाच नवल वाटतं, की म्हातारी सारखी आठवते आणि लिझावेता का आठवत नाही, जणू मारलीच नाही. सोन्याच्या गळ्यातला तांब्याचा क्रूस लिझावेताचा आहे. दोघींनी मैत्रीत क्रूस बदलून घेतले होते. सोन्यानं रास्कोल्निकोवला बायबलमधली लॅझरसची गोष्ट ज्या पुस्तकातून वाचून दाखवली, ते पुस्तकही लिझावेतानं आणून दिलेलं. आणि सोन्याला सत्य उमगतं, तेव्हा तिचा डावा हात तसाच पुढं येतो.

दस्तयेवस्कीनं हे सगळं पेरून ठेवलं, म्हणजे त्याला ती विसरू द्यायची नव्हती. तरी आपण विसरतो. दीडशे वर्षं आपण खुन्याच्या मनावर बोलत आलो. आज मीही तेच केलं. उपसंहारात, सैबेरियात आठ वर्षांची सक्तमजुरी भोगताना सुद्धा, रास्कोल्निकोव बराच काळ हेच मानतो की आपलं चुकलं ते एवढंच, आपल्याला ते झेपलं नाही. म्हणजे त्यानं कबुली दिली ती पश्चात्ताप झाला म्हणून दिली नाही. एकटेपण सोसवेना म्हणून दिली. त्याचं एकटेपण मला कळतं, मला त्याची कणव येते. पण त्या पाच भागांत लिझावेताला शोधायला कुणी निघत नाही. तिच्याकडे कपडे दुरुस्तीला देणाऱ्या बायका, तिची वाट पाहणारी एखादी शेजारीण, तिच्याविषयी गुपचूप रडलेली सोन्या, यांचंही एक गुपित होतं, एक झपाटलेपण होतं.

मराठीत आज चांगली गुन्हेकथा लिहिणारी तरुण मंडळी आहेत, त्यांतली काही या सभागृहात बसलेली दिसतायत. त्यांच्यापैकी कुणी लिझावेताच्या बाजूनं लिहायला घेतलं, तर ते पुस्तक मला वाचायचं आहे.